रोख मिळाले

दर जानेवारीत, हळदीकुंकवाच्या आसपास,
मी सासूबाईंची भाडेकरू व्हायचे.

बारा पावत्या, ऑफिसच्या प्रिंटरवर
साहेब जेवायला गेल्यावर काढलेल्या.
प्रत्येकीवर एक रुपयाचं तिकीट.
ते पोस्टात कधी असायचं, कधी नसायचं,
झेरॉक्सवाला मात्र पाच रुपयांना एक द्यायचा.
रक्कम अक्षरी: आठ हजार तीनशे फक्त.
आठ हजार तीनशेच का, ते अख्ख्या महाप्याला ठाऊक.
वर्षाचा लाख भरता कामा नये,
लाख भरला की घरमालकाचा पॅन मागतात.

घरमालक: लीलाबाई बाबूराव शेडगे,
माथाडी वसाहत, कोपरखैरणे.
हे घर सासऱ्यांच्या पाठीवरून आलेलं,
मसाला मार्केटातून, मिरचीच्या पोत्यांसोबत.
ते गेल्याला अकरा वर्षं झाली.
त्यांचा टॉवेल झटकला की अजून ठसका लागतो.

साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही.
पेन रोवून, अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर,
'ड' तिकिटाच्या कडेला अडखळला की फुंकर.
"ह्यो एप्रिलचा. मिळालं म्हनायचं न्हवं?"
"हो आई, म्हणायचं."
"आन मे?"
"मे पण."
मार्चपर्यंत आल्या की टोपण लावायच्या,
"लई दिलंस बाई," म्हणायच्या,
आणि कुकर लावायला उठायच्या.

मग कर सुधारला.

जुनी पद्धत की नवी, कंपनीनं एवढंच विचारलं,
दोन चौकटी, एक खूण.
अमरनं दोनदा हिशोब केला,
एकदा मोबाइलवर,
एकदा लग्नपत्रिकेच्या पाठीवर, वडिलांसारखा.
नवी बरी. माझ्या पगाराला कर शून्य.
महिन्याला साडेतीन हजार जास्त हातात.

पुराव्यांची निळी फाइल माळ्यावर गेली.
शाळेची फी, विमा, पीपीएफ, सगळं तिच्यातच.
"वहिनी, दीड लाख भरले का?" म्हणून
मार्चभर पाठीस लागणारे कदम भावजी,
त्यांनी यंदा नुसतं शुभ सकाळ पाठवलं.
वाचवा म्हणून आता कुणी मानगुटीवर नाही.
पहिल्या महिन्याचे साडेतीन हजार
कुठं गेले, मला खरंच सांगता येणार नाही.
दुसऱ्यात एअर फ्रायर आला.
तो छान आहे. त्यात आम्ही पापड भाजतो.

जानेवारीत सासूबाईंनी पेन शोधून ठेवलं,
रिफिल चालते का ते हातावर रेघ ओढून पाहिलं.
"औंदा न्हाई?"
"नाही आई. सरकारला आता पावत्या नकोत."
तांदूळ निवडत होत्या. खडा ताटाच्या कडेला सारला.
"मंग घर मी दिलंय कुनाला?"

मी काहीतरी बोलले. मुलीचा क्लास होता,
चप्पल सापडत नव्हती.

फेब्रुवारीच्या एक तारखेला, टीव्हीवर
पुन्हा काय स्वस्त, काय महाग चाललं होतं,
मी त्यांच्या हातात दोन हजार ठेवले.
सेक्टर पंधराच्या एटीएममधल्या चार नोटा,
खऱ्या, कडक.
त्यांनी अंगठा ओला करून मोजल्या.
सही कुठं करायची म्हणून
टेबलावर कागद शोधला.
मग म्हणाल्या, "सहा हजार तीनशे ऱ्हायलं,"
आणि आत गेल्या.
हसल्या की नाही ते दिसलं नाही,
पाठ होती माझ्याकडं.

रात्री दुधाचा खाडा मांडायला
भिंतीवरची दिनदर्शिका उलटली,
तर इस्त्रीच्या हिशोबाखाली, रोवून लिहिलेलं:
मिळाले २०००.
त्याच्याखाली मागची नऊ वर्षं
एकाखाली एक बेरजेला घेतलेली,
मध्येच सोडलेली,
आणि वर, कोपऱ्यात, बारीकसा
हातचा एक,
कशातच न मिळवलेला.